सासऱ्यांचा वाकडा दात

मी दात करते. लोकांना वाटतं, डॉक्टर आहे. नाही हो. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. ते दात काढतात, माप घेतात आणि माप खाली माझ्याकडे पाठवतात. खालच्या दोन खोल्यांत मी प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, कवळी शिजवून पक्की करते, घासते आणि वर पाठवून देते. सव्वीस वर्षं झाली. आमच्या शहरात साठीच्या पुढचा माणूस हसला की त्यातलं निम्मं हसू माझ्या हातचं असतं. ही बढाई नाही. बढाई मारायची म्हटलं तर मला याहून चांगली मारता येते.

आणि अशा बाईच्या घरात सासऱ्यांच्या तोंडाचं बोळकं.

सासरे फौजेत बिगुल वाजवायचे. निवृत्त होऊन आले तेव्हा पहिली खरेदी केली ती बिगुलाची. सासूबाईंना साडी नंतर मिळाली, आणि हे त्यांनी शेवटपर्यंत ऐकवलं. चौकात एक उभा दगड आहे. त्यावर आमच्या शहरातल्या एकोणीस जवानांची नावं आहेत, लढाईत गेलेल्यांची. दरवर्षी जवानांच्या दिवशी सगळं बंद असतं. सकाळी सगळे माजी सैनिक आणि त्या एकोणीस घरांतली माणसं दगडासमोर जमतात. दोन मिनिटं शांतता, आणि ती संपते सासऱ्यांच्या बिगुलाने. एकतीस वर्षं हेच. एकदा अंगात ताप होता, तरी वाजवून आले आणि मग आठ दिवस झोपले.

या वर्षी थंडीत हिरड्यांनी दगा दिला. पुढचे सहा दात राहिले होते, तेही हलायला लागले. डॉक्टरांनी सगळे काढून टाकले. जवानांचा दिवस महिन्यावर आला तसे सेक्रेटरी घरी आले. सेक्रेटरी म्हणजे माजी सैनिकांच्या मंडळाचे. फौजेत ते भांडाराचे कारकून होते, आजही कुणाच्या घरी गेले की आधी खुर्च्या मोजतात. माणूस वाईट नाही, पण सरळ रेघेबाहेर पाऊल टाकणार नाही.

"या खेपेला रेकॉर्ड लावू," ते म्हणाले. "चांगली धून मिळाली आहे. स्पीकरची सोय होते."

आमच्या घरात पुरुष कमी बोलतात. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो, तो घरी आल्यावर फक्त उत्तरं सांगतो. बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

"स्पीकर कशाला? मी आहे ना," मी म्हटलं. "बाबांना अशी कवळी करून देते की बिगुल काय, शंख फुंकतील."

"वहिनी, दोन मिनिटांची शांतता आणि मग नुसतं फुस्स झालं तर? मला त्या एकोणीस घरांना तोंड दाखवायचं असतं."

"तुमचं तोंड मी सांभाळते. तोंडाचाच धंदा आहे माझा."

ते हसले नाहीत. आदल्या गुरुवारी तालीम आहे, त्या दिवशी बघू, एवढं बोलून गेले.

आमच्याकडे प्रत्येक कामाबरोबर एक चिठ्ठी येते. नाव, वय, दातांचा रंग, आकार, आणि सगळ्यात खाली 'विशेष सूचना'. परक्या माणसाची चिठ्ठी मी तीनदा वाचते. सासऱ्यांची चिठ्ठी मीच भरली. नावाच्या जागी 'बाबा', वय अठ्ठ्याहत्तर, आणि विशेष सूचनेवर सरळ रेघ मारली. घरचंच काम, त्यात सूचना कसली? दात काढायच्या आधीच्या मापावरून ओतलेला साचाही माझ्याकडे होता. त्यात पुढचा डावा दात बघा कसा, कोपरा उडालेला, अर्धा वळलेला आणि शेजाऱ्याच्या पुढे येऊन उभा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हा दात माझ्या डोळ्यांत खुपायचा. घरातल्या प्रत्येक फोटोत आधी तो दिसतो, मग माणसं. विचारलं तेव्हा सासरे म्हणाले होते, सायकलवरून पडलो. आता देवाने संधी दिली होती. मी पुढचे दात असे सरळ लावले की डॉक्टरसुद्धा म्हणाले, हे प्रदर्शनात ठेवा. जुना साचा फेकवेना, म्हणून टेबलावर चिठ्ठ्या उडू नयेत यासाठी ठेवून दिला.

कवळी घातल्यावर सासऱ्यांनी आरशात पाहिलं. "छान आहे," म्हणाले. मी घरभर मिरवले.

मग त्यांनी बिगुल काढला. माझ्या कामाच्या खोलीत ताठ उभे राहिले, कोपर वर, नजर समोर. फुस्स. पुन्हा ओठ चाटले, पुन्हा लावला. फुस्स. तिसऱ्या वेळी कवळी मागून उचकटली आणि त्यांनी ती ओंजळीत झेलली.

हे मला कळत होतं. पुढून दाब आला की वरची कवळी मागून सुटते, त्यात नवल नाही. मी मागची बाजू वाढवली. मग आणखी वाढवली, त्यांना उबळ येईपर्यंत. तिसऱ्यांदा सगळी कवळी नव्याने केली. आता ती इतकी घट्ट बसली की काढताना मलाच जोर लावावा लागे. जागची हलत नव्हती, पण आवाजही निघत नव्हता. निघालाच तर रडव्या वासरासारखा. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे दात होते, चणेही होते, आणि तरी माणूस उपाशी.

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी सासऱ्यांनी बिगुल पुसला, कापडी पिशवीत घातला आणि कपाटावर बॅगांच्या मागे सारून ठेवला.

"सेक्रेटरीला सांग, रेकॉर्ड लाव म्हणावं. मी त्या दिवशी घरीच बसतो."

"घरी का? नुसतं जाऊन उभे राहा. सगळे येतात."

"तिथे उस्ताद आहेत," ते म्हणाले. "दगडावर, नवव्या ओळीत. ज्यांनी मला फुंकायला शिकवलं, त्यांच्यासमोर उभा राहून रेकॉर्ड ऐकू? चूक केली तर बोटांवर छडी मारायचे ते. त्यांना माझी फुंक ओळखू येते. रेकॉर्ड कुणाची, त्यांना काय माहीत?"

लग्न होऊन आल्यापासून सासरे माझ्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते. मला स्वतःचाच संताप आला. अख्ख्या शहराला चावायला लावते मी आणि घरच्या एका माणसाची फुंक परत आणता येत नाही, मग कसली मी कारागीर? त्या दिवशी वरून आलेल्या दोन कामांवर मी विनाकारण दातओठ खाल्ले.

तालमीला तीन दिवस राहिले. सासरे मागच्या दारात खुर्ची टाकून दाढी करत होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी वरचा ओठ ताणून धरला होता आणि ऊन थेट तोंडावर होतं. ओठावर एक बारीक पांढरी चंद्रकोर दिसली. बिगुलाची खूण, इतकी वर्षं पितळ टेकवून पडलेली. ती मी आधीही पाहिली असेल, पण दात करणारी बाई ओठाच्या आत बघते, बाहेर नाही. खूण मधोमध नव्हती. चांगली बोटभर डावीकडे होती.

"बाबा, बिगुल मधोमध नाही टेकवत तुम्ही?"

"मध्ये कुठे? तिथे बसतच नाही. डाव्या दातावर टेकवायचा, मग उजवीकडे हवेला वाट मिळते."

"कुठला डावा दात?"

"आता नाही तो," ते म्हणाले, आणि गालावर वस्तरा फिरवू लागले.

चहाचा कप माझ्या हातातच राहिला आणि मी तशीच कामाच्या खोलीत गेले. चिठ्ठ्यांवरचा जुना साचा उचलला. तो दात पुढे आला होता म्हणून बिगुलाची कड त्याच्यावर बसत होती. कोपरा उडाला होता म्हणून शेजारी फट होती. एकतीस वर्षं या शहराने ज्या सुरापुढे मान झुकवली, तो त्या फटीतून येत होता. आणि मी शहाणीने ती फट बुजवून टाकली होती, वर शाबासकीही घेतली होती.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. मला तिसरेच करायचे होते, वाजवायचे.

साच्यावरून माप घेतलं. डावा दात किती पुढे, किती वळलेला, कोपरा कुठून कुठपर्यंत उडालेला. नवा दात घेऊन कोपरा घासून उडवला. चांगला दात मुद्दाम मोडायला जिवावर येतं हो. मेणात बसवताना तर माझे हात मला जुमानेनात. दात वाकडा लावायचा, वळून दुसरं काही घ्यायचं, आणि बघावं तर बोटांनी तो सरळ करून ठेवलेला. असं तीनदा झालं. शेवटी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि स्वतःलाच म्हटलं, बाई गं, एकदा तरी दुसऱ्याच्या तोंडाचं ऐक.

बुधवारी दुपारी कवळी तयार झाली. कपाटावरची पिशवी मीच खाली काढली. सासऱ्यांनी कवळी घातली, जिभेने तो दात चाचपला आणि जीभ तिथेच थांबली. आरसा मागितला नाही. ताठ उभे राहिले, कोपर वर, नजर समोर.

पहिला सूर निघाला आणि टेबलावरच्या बरण्या थरथरल्या. सासरे थांबले नाहीत, सगळी धून वाजवली. वर डॉक्टरांचं मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. जिन्यावरून एक पेशंट खाली आला, अर्धा ओठ बधिर, गळ्यात तसाच रुमाल, आणि दारात उभा राहिला. तोही निवृत्त फौजी निघाला. त्याने सलाम ठोकला. बधिर तोंडाने काहीतरी म्हणालाही, ते कुणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

गुरुवारी तालमीत सेक्रेटरींनी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग खाली वाकून स्पीकरची वायर गुंडाळायला लागले.

"शेवटचा सूर जरा लांबतो," ते म्हणाले. "रेकॉर्डमध्ये चारच मात्रा आहेत."

"उस्ताद सहा घ्यायचे," सासरे म्हणाले.

सेक्रेटरींनी वही काढली आणि सहा असं लिहून घेतलं.

जवानांच्या दिवशी चौक भरला होता. दुकानं बंद, रस्त्याला गाडी नाही. जुने फौजी इस्त्रीच्या कोटांत, छातीवर पदकं, कुणाचा गुडघा धरलेला, कुणाच्या हातात काठी. त्यातल्या सात जणांच्या तोंडात माझं काम होतं, मी मोजलं. एकोणीस घरांतली माणसं पुढे, हातात फुलं. मी सासऱ्यांच्या मागे दोन हातांवर उभी होते आणि पर्समध्ये डबीत सरळ दातांची कवळी होती. कशाला आणली होती कोण जाणे, पण सवय.

दोन मिनिटं गेली. सासऱ्यांनी बिगुल लावला, बोटभर डावीकडे. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तो दात मी केला होता आणि फुंक त्यांची होती. धून चौकावरून गेली, कुठेही अडखळली नाही. शेवटचा सूर मी बोटांवर मोजला. पुरत्या सहा मात्रा. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. तिथे कुणीच पुसत नव्हतं.

लोक पांगल्यावर सासरे दगडाजवळ गेले. नवव्या ओळीवर हात ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, सायकल नव्हती."

"कसली सायकल?"

"दाताची." त्यांनी बोट ओळीवरून उचललं नाही. "पहाट होती. मी उभा राहून वाजवत होतो. बिगुल उभं राहूनच वाजवायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. गोळीबार सुरू झाला तसं त्यांनी मानगूट धरून मला खड्ड्यात ओढलं आणि माझ्या अंगावर पडले. बिगुल तोंडातच होता, दात वळला. मी ओरडलो त्यांच्यावर. म्हटलं, उस्ताद, दात मोडलात माझा. दोनदा म्हटलं. ते काही बोलले नाहीत."

माझा हात पर्समधल्या डबीवर गेला.

"मग मी तो सरळ केला तेव्हा सांगितलं का नाही, बाबा?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. "आणि किती खुशीत होतीस तू."

दुपारी सुट्टी असूनही मी खाली जाऊन कामाची खोली उघडली. सासऱ्यांची चिठ्ठी शोधली. विशेष सूचनेवर मारलेली रेघ खोडली आणि तिच्या खाली, पुढे कधी ही कवळी दुसऱ्या कुणाला करावी लागली तर त्यालाही वाचता यावं अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुढचा डावा दात वाकडा आहे. सरळ करू नये.' मग ती चिठ्ठी जुन्या साच्याच्या बुडाला चिकटवली आणि साचा वरच्या फळीवर ठेवला.