सुचिताचा नवस

बेलापूरच्या त्या उपचार केंद्रात मनस्वी रोज सकाळी यायची आणि संध्याकाळी सारसोळ्याला घरी जायची. खाण्याचा आजार म्हणे! सुचिताला तो शब्दच पटत नव्हता, पण कॉलेजातली लेक नुसती काडी झालेली डोळ्यांसमोर दिसत होती. या आठवड्यातही वजन घटलं तर हॉस्पिटलात भरती आणि नाकातून नळी, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

आज आईने लेकीसमोर बसून जेवायचं होतं. केंद्राचा नियमच होता, दोघींचे हात टेबलावर, म्हणजे घास कुठे लपवता येत नाही. सुचिताने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण आणलं. वाढलं मात्र एकच ताट.

"आणि तुमचं?" समुपदेशक क्षिप्रा मॅडमनी विचारलं.

"माजा उपास हाय," सुचिता तोऱ्यात म्हणाली. अहो, तोरा का नसावा? पोर पोटभर जेवेपर्यंत आपण दुपारचा घास तोंडाला लावणार नाही, असा एकवीराआईला नवस बोलली होती ती. "आळीतल्या बायका म्हनतात, आई असावी तर अशी!"

मनस्वीने उचललेला घास ताटात ठेवला.

"तू जेवली नाहीस की तुझं कौतुक. मी जेवले नाही की मी आजारी?"

"बाय, मी तुज्यासाठीच ना..."

"माहितीये. म्हणूनच घशाखाली उतरत नाही. वाटतं, तुझ्या वाट्याचं खातेय."

अगं बाई गं! सुचिताच्या आत्ता ध्यानात आलं. देवीला घातलेलं साकडं पोरीच्याच गळ्यात अडकलं होतं, आणि ही बया तेच गावभर मिरवत होती!

"मॅडम, मीच मारीत व्हते का हिला?"

"आजार तुमच्यामुळे आलेला नाही, ताई. पण आता जेवा."

जेवा म्हणे! नवस मोडला आणि देवी कोपली, ती पोरीवरच कोपली तर? सुचिताने हात पदराखाली दडवले.

"आई, हात टेबलावर," मनस्वी म्हणाली. एरवी रोज तिलाच हे ऐकावं लागायचं.

सुचिताने दुसरं ताट वाढून घेतलं. एकवीराआई, माफ कर, असं पुटपुटत पहिला घास उचलला, तशा तिच्या एकेकाळी घट्ट बसणाऱ्या हिरव्या बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या. मनस्वी त्या बांगड्यांकडे बघतच राहिली. मग तिने भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला.

"गालात ठेवायचा नाही हं, गिळायचा. मी बघतेय," ती म्हणाली आणि तिने आपला घास तोंडात घातला.