लाखेवरचा अंगठा

शके १९०९, वैशाख वद्य प्रतिपदा, गुरुवार, इंग्रजी तारीख १४ मे १९८७. स्थळ जिंतूर, जिल्हा परभणी, येलदरीच्या रस्त्यावरील सटवाजी मिस्त्रीचे गॅरेज. सकाळी दहाच्या सुमारास वालूरच्या आबासाहेबांचा ट्रॅक्टर एक जीप ओढत घेऊन आला. जिची पुन्हा गाठ पडू नये म्हणून सटवाजी दीड वर्ष देवाची करुणा भाकत होता, तीच ही, हे त्याने नंबर न वाचताच ओळखले.

जाळी ओढायला पाण्यात उतरवलेली ही जीप येलदरीच्या धरणात बुडाली होती. मासळीच्या ठेकेदाराचा ड्रायव्हर भुजंग तिच्यासह गेला. तो दुसऱ्या दिवशी सापडला. जीप सापडली नाही. यंदाच्या दुष्काळात पाणी हटले, गाळातून तिचा सांगाडा वर आला आणि ठेकेदाराने तो आबासाहेबांना भंगाराच्या भावात विकला; त्यांना जीप पुन्हा चालती करायची होती. ट्रॅक्टरमागोमाग भुजंगची आई म्हाळसाबाई चालत आली होती. मेंढरे थोरल्या पोराच्या हवाली करून, खांद्यावर घोंगडी घेऊन ती लिंबाखाली बसली. पोराचा जीव कशाने गेला, एवढेच तिला पाहायचे होते.

अशा फोर-व्हील जीपच्या पुढच्या आसाच्या मध्यावर भोपळ्याएवढी लोखंडी पेटी असते, ती डिफरन्शियल. इंजिनाची ओढ तिच्यातून दोन्ही चाकांना वाटली जाते. तिच्यातले दाते तेलात बुडालेले असावे लागतात. झाकणाच्या फटीतून तेल गळून गेले, तर दाते तापून एकमेकांत जखडतात आणि चाके जागीच थिजतात. भुजंगची जीप भर पाण्यात अशीच थिजली, असे लोक म्हणत, आणि सटवाजी मुकाट्याने ऐकून घेई. झाकणाला आपण काय लावले होते, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होते.

त्याचे उस्ताद बन्सीधर शिकवून गेले होते: कागदी पॅकिंगला स्पिरिटात विरघळवलेली चपडा लाख लावावी, मग अंगठा टेकवून पाहावा, अंगठा चिकटला पाहिजे, बुडता कामा नये, तेव्हाच झाकण बसवावे. भुजंग जीप घेऊन आला त्या दिवशी लाख संपली होती आणि तो घाईत होता. सटवाजीने धुण्याचा साबण ओला करून फासला. साबण तेलाला दाद देत नाही, हे खरे. परंतु पाण्यात तो विरघळतो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. “लाखच हाय ना?” भुजंगने विचारले होते. “लाखच हाय. खुशाल पाण्यात घाल.”

“उघड की मिस्त्री,” आबासाहेब म्हणाले. “नवरीकडं बघावं तसं काय बघायलास?”

दहाही बोल्ट काल आवळल्यासारखे सुटले. गंजाचा कण नव्हता. झाकण मात्र हटेना. पटाशी घालून उचकटले तेव्हा आतून स्पिरिटचा ताजा वास आला. परातीत तेल उतरले ते मधासारखे नितळ. पाण्याचा थेंब नाही. सटवाजीने चाक फिरवले. दाते आवाज न करता फिरले.

काठावर सगळीकडून, कुठेही न तुटलेली, तांबूस लाख होती.

काठाबाहेर आलेल्या लाखेवर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशातून तिरपी रेघ गेली होती. बन्सीधरांच्या अंगठ्यावर छिन्नीचा नेमका असाच व्रण होता. परंतु उस्ताद वारले १९७९ साली. त्यांना खांदा सटवाजीनेच दिला होता. मध्यंतरी दुसऱ्या कोणी पेटी उघडली असेल, असा तर्क करता येतो. सटवाजीनेही तो केला. पण साबण लावून जीप इथून थेट धरणावर गेली होती आणि बुडेपर्यंतचे दोन दिवस तिथल्या काठावरून हललीच नव्हती. शिवाय दीड वर्ष पाण्याखाली राहिलेली ती लाख अजून बोटाला चिकटत होती, याला तर्क पुरत नाही.

“घ्या, तेल जागच्या जागी,” आबासाहेब म्हणाले. “मिस्त्री सुटला यातून. गाळात रुतली असंल गाडी. म्हाळसाबाई, बघितलं का?”

“मला काय कळतंय त्यातलं, मालक. मिस्त्री सांगंल ते ऐकायला आलेय.”

आबासाहेबांनी खिशातून हैदराबादहून आणलेली नळी काढली. “ही रबरी पेस्ट लाव. लाखेचा जमाना गेला.”

सटवाजीने नळी उलटसुलट पाहिली. ही पेस्ट तेलाला आणि पाण्याला, दोन्हींना पुरून उरणारी होती. नाकारायला सबळ कारण नव्हते. त्याने ती परत दिली.

“हिला लाखच लागंल.”

“का?”

“लाख लावतो म्हनलो होतो.”

“आन् लावलीच होती की. ऊन लागलं का तुला?”

त्याने जुनी लाख खरवडली, नवे पॅकिंग कापले, ब्रशने लाख फिरवली आणि ती सुकेपर्यंत थांबला. मग अंगठा टेकवला. अंगठा चिकटला, बुडाला नाही. उचलून पाहतो, तर ठशातून तिरपी रेघ गेली होती. त्याने स्वतःचा अंगठा उन्हात धरला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने शेजारी पुन्हा टेकवला. पुन्हा तीच रेघ.

“मावशी,” तो म्हणाला, “म्या साबण लावला होता. ही लाख माझी न्हाई.”

“मग कुणाची?” आबासाहेबांनी विचारले. “गप बस. तेल भरलेलं समद्यांनी बघितलंय. सुटलेला माणूस कशाला गुंतायलास?”

म्हाळसाबाई उठून जवळ आली. तिने झाकणाकडे पाहिले. हात लावला नाही.

“भुजंगनं इचारलं व्हतं तुला?”

“इचारलं होतं.”

“तू काय म्हनलास?”

“लाखच हाय म्हनलो. खुशाल पाण्यात घाल म्हनलो.”

तिने घोंगडी झटकून खांद्यावर घेतली.

“लाख कुणी का लावली असंना. माझं पोरगं पाण्यात गेलं ते तुझ्या बोलावर. कसूर तुझाच हाय.”