मोरीपाशी वेचलेलं बी

त्या गावात कोणी कोणाला तोंडावर वाईट बोलत नाही, आणि डोरीनची सगळी पंचाईत तिथेच होती. मिनेसोटाच्या दक्षिणेकडची ही माणसं. तुमचा केक करपला तरी मुकाट्याने खातील, तुमचा मुलगा तुरुंगात गेला तर त्याच्या तब्येतीची चौकशी करतील, आणि अगदीच सहन होईनासं झालं तर म्हणतील, "हं, हे जरा वेगळंच आहे." वेगळंच म्हटलं की संपलं. त्याहून मोठी शिक्षा त्या गावाला ठाऊक नाही. डोरीन नवऱ्याच्या नोकरीपायी शहरातून इथे आली, त्याच वर्षी चर्चच्या जेवणाला तिने बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थात हिरवी मिरची घातली आणि तो शब्द ऐकून घेतला. मग कितीतरी महिने तिला कोणी कॉफीला बोलावलं नाही.

बोलावलं ते ओढ्यावरच्या मंडळींनी. गावाबाहेर लिंडग्रेनचं राखीव माळरान आहे, त्यातून एक ओढा वाहतो. शनिवारी तिथे आठ-दहा माणसं जमायची, बिनपगारी. ओढ्याचा काठ वर्षानुवर्षं ढासळून भिंतीसारखा उभा झाला होता. तो त्यांनी उन्हाळाभर खणून उताराचा केला, वर काथ्याची जाळी अंथरली. आता त्यावर या मातीतलं गवत आणि फुलझाडं रुजायला हवी होती. ती रुजली नाहीत तर जूनच्या पावसात काठ पुन्हा पाण्यात जाणार हे उघड होतं. म्हणून सगळी पानगळ त्यांनी माळावर बी वेचण्यात घालवली. डोरीननेही वेचलं. हात फाटले, पण बऱ्याच दिवसांनी तिला घरी जाताना गाडीत गाणं म्हणावंसं वाटलं.

वेचलेलं बी गुरांना पाणी पाजायच्या एका जुन्या पत्र्याच्या टाक्यात पडे. सगळ्यांचं एकत्र. पण त्याआधी प्रत्येक पिशवी आर्विड न्यूगार्डच्या डोळ्यांखालून जायची. आर्विड ऐंशीचा, आयुष्यभर याच माळावर फिरलेला. तो पिशवीत डोकावायचा, मान हलवायचा, की पिशवी रिकामी. डोरीनच्या पिशव्यांनाही त्याने मान हलवली तेव्हा तिला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं होतं.

नाताळ झाला आणि केंट, तिचा नवरा, शेतीमालाच्या दुकानातून फुकटचं कॅलेंडर घेऊन आला. दर महिन्याला एका तणाचं चित्र. डोरीनने सहज ऑगस्टचं पान उलटलं. त्यावर होती ती जांभळट गुलाबी तुऱ्यांची वनस्पती, जिचं खरं नाव ओढ्यावर कोणी घ्यायचंच नाही. सगळे तिला जांभळी अवदसा म्हणत. एक झाड म्हणजे लाखो बिया, धुळीएवढ्या. एकदा ओढ्यात शिरली की बाकी काही जगू देत नाही. कोपऱ्यात तिचं वाळलेलं रूप छापलं होतं. तपकिरी तुरा. आणि खाली लिहिलं होतं: देठ चौकोनी.

डोरीनने ती ओळ पुन्हा वाचली. ऑक्टोबरात, रस्त्याखालच्या मोरीपाशी, तिने व्हर्वेन म्हणून दोन पिशव्या भरल्या होत्या. व्हर्वेन निळ्या फुलांची, गुणाची, काठाला हवी असलेली. फुलं केव्हाच झडली होती. तिने देठ चाचपून पाहिला होता, चौकोनी लागला होता, आणि ती खूश झाली होती. दुसऱ्याही कोणाचा देठ चौकोनी असू शकतो हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ती तशीच मोरीपाशी गेली. रस्तावाल्यांनी तिथलं सगळं कापून नेलं होतं आणि वर गुडघाभर बर्फ होतं.

"अगं, बीच ते," केंट म्हणाला. "उगवलं तर उपटू."

"लाखो बिया असतात, केंट."

"मग सांगून टाक."

"आणि ती व्हर्वेनच असली तर? सगळ्यांचं वर्षाचं बी मी उगाच फुकट घालवायचं?"

"मग नको सांगू."

"तुला काही विचारण्यात अर्थच नाही."

"तेच मी लग्नाआधी सांगत होतो."

पेरणी जानेवारीत, बर्फावर. बर्फ वितळता वितळता बी आपोआप मातीत ओढलं जातं. तोवरचे सगळे दिवस डोरीनने तळमळून काढले. भांडी घासता घासता ती वाक्य जुळवायची: मला असं वाटतंय की कदाचित. मग नळ बंद करून पुन्हा पहिल्यापासून. सांगितलं तर टाकं वाया आणि आपण गावातून उठलो. न सांगितलं तर ओढा जाईल, आणि त्याच्या काठी बसून आपण दर शनिवारी त्यांची कॉफी प्यायची. दोन्हीकडून मरणच. पण आर्विडने पाहिलं होतं ना, असं ती मनाला बजावायची, आणि घटकाभर तिला झोप लागायची.

पेरणीच्या सकाळी ऊन लख्ख होतं आणि थंडी नाक कापत होती. काठावर कापलेल्या झुडपांचा ढीग पेटवला होता, त्याभोवती मंडळी हात शेकत होती. डोरीनने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. तिने त्या फिरवल्या, हवेबद्दल बोलली, कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलली. वाक्य घशातच राहिलं.

"चला," व्हर्ना म्हणाली. व्हर्ना या कामाची मुख्य, ऐंशीला टेकलेली, बुटकी आणि खणखणीत. पेरण्याआधी सगळ्यांनी टाक्यात हात घालून बी एकदा ढवळायचं अशी त्यांची रीत होती. सगळ्यांनी हातमोजे काढले. कोपरापर्यंत हात आत गेले. डोरीनचा गेला नाही.

"अगं, घाल की हात. चावत नाही ते."

"व्हर्ना, थांबा. माझ्या बियात जांभळी असेल."

सगळे हात टाक्यातच थबकले.

"मोरीपाशी वेचलं होतं," डोरीन म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "फुलं नव्हती. देठ चौकोनी होता म्हणून मी व्हर्वेन समजले. नंतर कळलं की तिचाही तसाच असतो."

"किती होतं?"

"दोन पिशव्या."

"खात्री आहे?"

"नाही. अर्धीमुर्धी. आता तिथे काही उरलं नाही, मी जाऊन आले."

गस म्हणून एक दूधवाला शेतकरी होता. त्याने हात बाहेर काढून झटकला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं. हे जरा वेगळंच झालं."

झालं. डोरीनला वाटलं, आत्ताच गाडीत बसावं आणि तडक निघून जावं.

मग गसच पुढे म्हणाला, "पण आर्विडने पिशवी पाहिली असेल की. आर्विडच्या नजरेतून काय सुटतंय?" आणि सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. कोणीतरी हसलं. डोरीनला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. व्हर्नाने शेकोटीपलीकडे पाहिलं. "काय रे आर्विड? पाहिली होतीस ना?"

आर्विड वडी खात उभा होता. त्याने उरलेला तुकडा सावकाश रुमालात गुंडाळला.

"पिशवी पाहिली," तो म्हणाला. "आत काय होतं ते नाही दिसलं."

"म्हणजे?"

"मधलं दिसत नाही मला, व्हर्ना. कडेचं दिसतं. हिचा लाल कोट दिसला, पिशवी दिसली. मी मान हलवली."

"या वर्षी?"

"मागच्याही."

लाकूड तडतडत होतं. मागच्या वर्षी खालच्या वळणाचा अख्खा काठ त्यांनी पेरला होता, त्याच्या मानेवर विसंबून. गसने तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द या वेळी त्याच्याने काढवेना.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" व्हर्ना म्हणाली. ती दोघं एका वर्गात होती.

"तुम्ही मला इथे यायला नको म्हणाला नसता," आर्विड म्हणाला. "खुर्ची आणून दिली असती. बसवून ठेवलं असतं."

हे इतकं खरं होतं की सगळ्यांनी खाली पाहिलं. व्हर्नाने टाक्याची एक कड धरली, गसने दुसरी, आणि पानगळभर वेचलेलं सगळं बी त्यांनी शेकोटीत उलटं केलं. ते फुलबाज्यांसारखं तडतडलं. डोरीनला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. आपण आपलं मन हलकं करायला गेलो आणि म्हाताऱ्याचा माळ काढून घेतला, हेच तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

काठावर त्यांनी वसंतात नुसतं ओट हे लवकर उगवणारं धान्य पेरलं. त्याच्या मुळांनी जमेल तेवढी माती धरली. जूनमध्ये तीन दिवस पाऊस झोडपत होता, तेव्हा वरच्या अंगाचा काठ जाळीसकट गेला, खालच्या वळणाकडची पायवाटही खचली. त्याबद्दल डोरीनला कोणी चकार शब्द बोललं नाही. कॉफीलाही बोलावत राहिले. तिला मात्र प्रत्येक कपाबरोबर वाटायचं, आज कोणीतरी 'वेगळंच' म्हणणार. आर्विड ओढ्यावर यायचा बंद झाला होता.

जुलैतल्या एका सकाळी त्याचा फोन आला.

"गाडी आहे ना? मला मोरीपाशी ने."

"व्हर्नाला सांगू का? त्यांना जास्त कळतं."

"व्हर्ना मला चांगलं चांगलं सांगते. सगळेच सांगतात. तू चल."

मोरीपाशी गवत पुन्हा कमरेएवढं झालं होतं. त्याने तिचा दंड धरला होता. "काय दिसतंय?"

तिने दोनदा पाहिलं. मग वाकून तिसऱ्यांदा. "निळं आहे. बारीक तुरे, एका देठावर पुष्कळ. व्हर्वेन आहे, आर्विड. दुसरं काही नाही."

"म्हणजे तुझं बी चांगलं होतं."

"हो." जानेवारीत याच शब्दासाठी ती जीव टाकत होती. आता तिला तो गिळवेना. चांगलं बी जाळलं, काठ गेला, आणि शनिवारी हे आपल्यालाच सर्वांना सांगायचं आहे.

आर्विडने ओढ्याच्या दिशेने तोंड वळवलं. "खालच्या वळणाला गेलं का कोणी? मागच्या वर्षी पेरलं तिथे."

"वाट खचलीये. पुरानंतर नाही गेलं कोणी."

"मग वरून जाऊ. शेताच्या बांधाने."

बांधावरून वळण दिसायला लागलं आणि डोरीनचे पाय थांबले. आर्विडही थांबला. कडेने काही दिसतं का म्हणून त्याने मान तिरकी केली होती.

"गप्प का झालीस?"

गवत छान वाढलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंही नव्हतं. गावातल्या कोणीही तेवढंच सांगून त्याला घरी नेऊन कॉफी पाजली असती.

"जांभळं आहे," ती म्हणाली.

"कुठवर?"

"पाण्याच्या कडेने सगळीकडे. वळणापर्यंत."

तिच्या दंडावरची त्याची बोटं घट्ट झाली. तो रडेल की काय अशी तिला भीती वाटली. पण तो म्हणाला, "बी धरलं नसेल अजून. उपटता येईल. मला खाली उतरव."

"तुम्ही इथे बसा. मी व्हर्नाला फोन करते."

"बसवू नकोस मला, डोरीन."

मग तिने त्याला पाठमोरा धरून, पावलापावलाला टेकू देत, उतारावरून खाली आणलं. दोघं घोट्यापर्यंत चिखलात उभी राहिली. तिने त्याचा हात घेतला आणि पहिल्या देठावर नेऊन ठेवला.

"हीच ना?" त्याने विचारलं. "नीट बघ."

"हीच," डोरीन म्हणाली. या वेळी तिला पुरती खात्री होती, आणि नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.