सर्व्हरच्या पाठीवरचं लाल फडकं

जळगावच्या त्या खासगी इस्पितळातलं नेटवर्क बंद पडलं, की इंजिनिअरच्या आधी तरंगनाथ महाराजांना फोन जायचा. आजही सर्व्हरच्या खोलीबाहेर नर्स, वॉर्डबॉय, नातेवाईक हात जोडून उभे होते. आत महाराज घुमत होते, "यंत्रालाही प्राण असतो. शनी बसलाय ह्याच्यावर. वायफाय म्हणजे वायुदेवाचाच अंश."

त्यांचा विधी ठरलेला. शिष्य सर्व्हरमागे बांधलेलं लाल फडकं सोडायचा, मग लांबलचक मंत्र, शेवटी मशीन बंद करून चालू. हिरवा दिवा लागला की लोक पायांवर डोकं ठेवायचे आणि फडकं पुन्हा बांधलं जायचं.

"मुहूर्ताला अवकाश आहे," महाराज म्हणाले.

दाराशी ज्योत्स्ना सारखी घड्याळ बघत उभी होती. संगणक विभागात ती नवीनच लागली होती. शेजारी नशिराबादच्या कुंदाबाई. त्यांचा मुलगा निंबा ट्रॅक्टरवरून पडला होता आणि डोक्याचा सीटी स्कॅन ऑपरेशन थिएटरच्या पडद्यावर उघडत नव्हता.

"मना पोर्‍या तठे पडेल शे," कुंदाबाई थिएटरच्या दिशेने बघत पुटपुटल्या. "आखो कितला येळ?"

ज्योत्स्ना आत शिरली. विश्वस्त घेवरचंद शेठ आडवे आले. "मॅडम, डिग्री तुमच्याजवळ ठेवा. उद्यापासून यायचं नसेल तरच पुढे व्हा."

तिने सर्व्हरला जोडलेल्या संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. "नेटवर्क कार्डाचं तापमान बघा शेठ. जळू नये म्हणून ते आपणहून बंद झालंय. गरम हवा बाहेर पडायची जागा ह्या फडक्याने बुजवलीय."

शिष्याने तिचं मनगट धरलं. तिने ते हिसडून सोडवलं, फडकं ओढून काढलं आणि पंखा लावला. आकडा उतरला तशी तिने फक्त त्या कार्डाला पुन्हा सुरू व्हायची आज्ञा दिली. हिरवा दिवा लागला. थिएटरमधून निरोप आला, स्कॅन दिसतोय.

"मंत्र फळला," महाराज म्हणाले.

निंबाची शस्त्रक्रिया पार पडल्यावर ज्योत्स्नाने सगळ्यांसमोर वापरात नसलेला जुना सर्व्हर जोडला आणि मागे तेच फडकं बांधलं. काही वेळाने दिवा विझला.

"महाराज, आता फडकं न सोडता मंत्र म्हणा."

महाराजांनी घसा कोरडा पडेपर्यंत मंत्र म्हटले. दिवा लागला नाही.

"दर वेळी आधी फडकं का सोडायला लावता, ते सांगा ना," ती म्हणाली. "मशीनच्या जुन्या नोंदी पाहिल्यात मी. पहिल्यांदा पंख्यात धूळ अडकली होती, बस. त्यानंतरचा आजार तुम्हीच बांधून जात होतात."

कुंदाबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतः फडकं सोडलं. कार्ड निवलं, ज्योत्स्नाने आज्ञा दिली, दिवा लागला.

"बठ्ठा ह्या फडकाना खेळ शे," कुंदाबाई महाराजांकडे न बघता म्हणाल्या.

गर्दीने वाट करून दिली, ती महाराजांना बाहेर जायला. शेठ मान खाली घालून पंख्याची जाळी पुसत राहिले.

मंडळी, बंद पडलेलं मशीन कशामुळे बंद पडलं ते सांगतं. ते वाचणाऱ्याला आत येऊ द्या, आणि मंत्रवाल्याला विचारा, मंत्राआधी तुझे हात काय करतात.