तळीचं पाणी कुणी नेलं?

येसूचा सगळा जीव त्या तळीत होता, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. गुंद गावाच्या खालच्या अंगाला ती एवढीशी तळी, तिच्यावर त्याची मिरची. शेजारीच फणसाखाली त्याची थोरली बहीण बाळी वांगी लावायची. आई-बाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, आणि तिचा नवरा गेल्यावर ती त्याच्याकडं राहायला आली. जगात दोघांना दोघंच.

त्या वर्षी तरवा भाजायला पाला हवा होता. पाला पसरून जाळल्याबगर भाताचं रोप धड येत नाही, आणि रानात कोयता लावायला गार्डाची मनाई. मग येसूनं तळीच्या काठची करंज नि जांभळी बोडकी केली.

"बाच्या हातची झाडं हाईत रे," बाळी म्हणाली.

"नुसता पालाच घेतलाय, आक्का. फुटतील परत."

फुटतीलच की! पण तोवर चैत्र थांबतो होय?

ऊन तापलं आणि तळी खाली जाऊ लागली. येसूनं पाण्याच्या काठाला खुंटी ठोकली. रोज सकाळी बघावं, तर पाणी आणखी खाली सरकलेलं. रात्री कुणीतरी नेतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. अरे शहाण्या, एकदा संध्याकाळीही बघायचं होतंस! पाणी रात्री जातच नव्हतं, दिवसाढवळ्या जात होतं. वर हा गडी भर दुपारी घागरीच्या घागरी मिरचीवर उधळायचा. तापलेल्या मातीवरनं निम्मं तिथंच उडून जायचं. लुगडं वाळत घातलं तर त्यातलं पाणी कुणी चोरलं म्हणून कुणी बोंब मारतं का? पण तळीच्या बाबतीत हे कुणाला सुचावं!

बाळीची वांगी मात्र हिरवीगार. फणसाची सावली, बुडाशी वाळका पाला, आणि पाणी घालायचं ते दिवस मावळल्यावर. येसूला एवढंच दिसलं की आपली मिरची करपली नि हिची वांगी तरारली.

"आक्का, पाणी जातंय कुठं?"

"मला काय ठावं? माझ्या घागरीपल्याड थेंब घेतला न्हाई."

"चोराच्या उलट्या बोंबा!" त्याच्या तोंडून निघून गेलं. जीभच ती, सुटली की सुटली. वर म्हणाला, "घे शपथ. देवाम्होरं, चारचौघांत."

घेतली तिनं. ओंजळीत तळीचं पाणी धरलं, देवाचं नाव घेतलं, पाणी खाली सोडलं. डोळ्यांत टिपूस नाही. सकाळी गाठोडं बांधून ती अणशीला दिराकडं निघून गेली. येसू दारात उभा होता. एक हाक मारली असती तर ती वळली असती. नाही मारली.

बाळी गेली, तरी तळी खालीच.

मग चोर धरायचाच म्हणून येसू एक अख्खा दिवस काठावर बसून राहिला. माणूस फिरकलं नाही, जनावर फिरकलं नाही. डोक्यावर ऊन तेवढं होतं, कारण आडवं यायला एक पान उरलं नव्हतं. संध्याकाळी बघतो तर खुंटीखालची आणखी ओली माती उघडी पडलेली. येसूनं त्या बोडक्या झाडांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बाप मेला तेव्हा रडला नव्हता एवढा रडला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं अणशी गाठली. बाळी दिराच्या गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली, पावण्याला द्यावं तसं गूळपाणी पुढं ठेवलं.

"तळी कशी हाय?" तिनं विचारलं.

"आटली."

"आणि आता कुणाचं नाव घेतलंस?"

"उन्हानं नेलं, आक्का. माझंच चुकलं. चल घरला."

बाळीनं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"उन्हानं नेलं, व्हय," ती म्हणाली. "पण गाव मला सोडावं लागलं, येसू. पाणी पी, आणि दिवस हाय तवर नीघ."