ओझं उतरेपर्यंत थांबलेला तोक्मा

मी एक जुना तोक्मा आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर काठी म्हणाल, पण तसं म्हणू नका. काठी चालायला लागते, मी थांबायला लागतो. चोमोलुंग्माच्या, म्हणजे तुमच्या एव्हरेस्टच्या, वाटेवर पाठीवर डोको घेतलेला हमाल दमला की ती भरलेली टोपली जमिनीवर ठेवत नाही. ठेवली तर पुन्हा उचलणार कोण? तो उभ्याउभ्याच मला मागे सरकवतो, टोपलीचा तळ माझ्या आडव्या डोक्यावर टेकवतो आणि ओठांतून एक लांब शीळ सोडतो. ती शीळ संपेपर्यंत सगळं ओझं माझं असतं.

माझ्या धन्याने मला स्वतः घडवलं. त्याचं नाव मी सांगणार नाही. आमच्या शेर्पांमध्ये गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो मागे वळून बघतो आणि त्याची पुढची वाट खोळंबते. तेव्हा मी त्याला धनीच म्हणेन.

देवबोचेच्या जंगलात बर्फाने पाडलेल्या एका भूर्जवृक्षातून त्याने मला कापून आणलं. फोर्त्से गावातल्या घरात चुलीपुढे बसून तो मला तासत असे आणि त्याची बायको यांगजिन बटाटे सोलता सोलता त्याला टोमणे मारत असे.

"माझ्या केसांवरून तरी कधी इतका हात फिरवलास का?"

"तू कुठे माझं ओझं उचलतेस?"

"आणि तुझं हे ध्यान रोज सांभाळते ते काय, ओझं नाही?"

तो हसला. मग तिनेच लोण्याचा गोळा आणला आणि मला डोक्यापासून टोकापर्यंत चोळलं. नव्या लाकडाला लोणी हवंच असतं. त्या दिवशी मी त्या घरातला झालो.

पुढे कित्येक वर्षं आम्ही वाट तुडवली. लुक्ल्याहून नामचे, तेंगबोचे, मग फेरिचेचं वारं, थुक्ल्याची छाती फोडणारी चढण आणि शेवटी हिमनदीच्या कडेने थेट तळावर. रंगीत जाकिटं घातलेले पाहुणे वाटेत बसून डोकं धरत, उलट्या करत आणि तरी हसून फोटो काढत. त्यांचे तंबू, पीठ, रॉकेल, अंडी सगळं आमच्या अंगावरून वर जाई. धन्याच्या शिळेला शेवटी एक छोटासा झोका होता, माघारी वळणाऱ्या पाखरासारखा. दाट धुक्यातही मागचे हमाल ती ओळखत आणि म्हणत, "आला बघ, पुढेच आहे."

त्याचा जोडीदार होता इंद्रमान राई. खालच्या गावचा, भारी बोलका. पाठीवर कितीही ओझं असो, तोंड थांबत नसे.

तो दिवस मात्र गप्प होता. लोबुचे सोडल्यावर दुपारीच बर्फ सुरू झाला. धनी पुढे, इंद्रमान मागे. दगडमातीच्या चढावर एक मोठा काळा खडक आहे, त्याच्या आडोशाला धनी थांबला. त्याने शीळ घातली. उत्तर आलं नाही. पुन्हा घातली. मग त्याने टोपलीची पाठ खडकाला लावली, पुढून माझा टेकू दिला आणि टोपली पेलणारा कपाळावरचा पट्टा काढला. टोपलीत अंडी होती.

"इथेच थांब," तो मला म्हणाला. हमाल आमच्याशी बोलतात, त्यात नवल नाही. "अंडी सांभाळ. त्या बडबड्याला घेऊन आलोच."

तो खाली बर्फात उतरला. मी थांबलो.

मित्रांनो, इंद्रमान खाली नव्हताच. डोकं दुखू लागलं म्हणून तो केव्हाच लोबुचेला परतला होता आणि चहाच्या दुकानात गरम रसा पीत बसला होता. त्याला शोधायला उतरलेला धनी त्या दगडांत कुठे वाट चुकला, कुणालाच कळलं नाही. माणसं आली ती दुसऱ्या दिवशी, आभाळ उघडल्यावर. टोपली जशीच्या तशी उभी होती आणि एकही अंडं फुटलं नव्हतं. "काय तोक्मा आहे!" असं जो तो म्हणाला. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि मला ते नको होतं. त्यांनी टोपली उचलली तेव्हा मी आडवा पडलो. मला वाटलं, आता धनी येईल आणि विचारेल, तुला थांब म्हटलं होतं ना?

तो सापडला नाही. हिमनदी पुष्कळदा माणूस ठेवून घेते.

घरी विधी झाले, आठवड्यामागून आठवडे दिवे लागले. गेलेल्याच्या वस्तू आमच्याकडे वाटून टाकतात, म्हणजे त्याचा पाय घरात अडकत नाही. त्याचा कोट गेला, बूट गेले, लाकडी वाटी गेली. विधी करणारे म्हातारे लामा धन्याचेच मामा. त्यांनी यांगजिनला विचारलं, "सगळं दिलंस ना?"

"सगळं," ती म्हणाली.

मी बटाट्यांच्या पोत्यांमागे होतो. तिनेच मला तिथे दडवलं होतं.

तिला दोष देऊ नका. तिने प्रेत पाहिलं नव्हतं, चिता पाहिली नव्हती. ज्याचा धूर दिसला नाही तो गेला असं मानायचं तरी कसं? संध्याकाळी ती मला बाहेर काढी, मांडीवर घेई, लोणी चोळी आणि त्याला नावाने हाक मारी. आमच्याकडे नावं जन्मवारावरून ठेवतात, त्यामुळे गावात त्याच नावाचे आणखी काही बाप्ये होते. ती हाक ऐकू आली की बिचारे दार लावून घेत. "त्याला बोलावतेय की मला नेतेय?" असं एकाने बायकोला विचारलं म्हणे. लोक हसले, पण तिच्या घराकडे यायचे कमी झाले.

आणि आता जे सांगतो ते फक्त मलाच ठाऊक होतं. ती हाक मारी आणि माझ्या डोक्यावर वजन येई. पोत्यांमागे, जिथे टोपली नाही, माणूस नाही, तिथे मी दबून जात असे. ओळखीचंच वजन, डावीकडे थोडं झुकलेलं. माझं लोखंडी टोक जमिनीवर ठक् करून वाजे. मग शीळ सुरू होई, पण शेवटचा झोका काही येत नसे. ती अर्धीच तुटे आणि वजन तसंच राही. मी धन्याचं ओझं आयुष्यभर आनंदाने पेललं, पण या ओझ्याची मला भीती वाटे. त्यात विसावा नव्हता.

यांगजिनला ठक् ऐकू येई. ती हसून दुसरी वाटी भरून ठेवी. सकाळी त्या चहावर लोण्याची साय धरलेली असे. तिची गालफडं बसली, शेतात तण माजलं. ती त्याला सोडत नव्हती आणि तो जाऊ शकत नव्हता. दोघांच्या मधे मी उभा होतो.

बटाटे काढायच्या दिवसांत एका सकाळी लामा मामा चहाला आले. बाहेर दाट धुकं होतं. बोलता बोलता यांगजिनच्या तोंडून सवयीने त्याचं नाव गेलं.

ठक्.

म्हाताऱ्याचा चहा ओठांपाशीच थांबला. "यांगजिन, त्या कोपऱ्यात कोण टेकलंय?"

"उंदीर असेल, मामा."

"उंदराला शीळ येते?"

मामांनी स्वतः पोती सरकवली आणि मला पाहिलं. मला वाटलं, ते आता रागावतील. ते माझ्यासमोर खालीच बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

"अगं पोरी, अजून ओझं उतरलं नाही गं त्याचं. वरचेवर तू बोलावतेस आणि तो टेकतो. टेकलेला माणूस बसतही नाही आणि चालतही नाही. किती दिवस उभं ठेवणार आहेस त्याला?"

"हा दिला की माझ्याकडे काय उरलं त्याचं?"

"काही उरू नये म्हणूनच देतात."

"तुम्हाला बोलायला काय जातं!" ती ओरडली. "तुमचे सगळे घरात, डोळ्यांसमोर मेले!"

मामांनी मान हलवली. "खरं आहे. तरीही दे. ज्याच्या पाठीवर ओझं असेल त्याला दे."

मग तिने मला उचललं, शेवटचं लोणी चोळलं आणि बाहेर दगडी बांधापाशी येऊन उभी राहिली. धुक्यातून एक हमाल येत होता. तिला पाहताच तो पायवाट सोडून शेतातून वळसा घालू लागला. तो इंद्रमान होता. हंगामच्या हंगाम तो असाच या घराला टाळून जात असे.

"कुठवर वळसे घालशील, दाजू?" ती म्हणाली. दाजू म्हणजे थोरला भाऊ. "माझे बटाटे तुडवू नकोस."

तो थांबला. ओझ्याखाली वाकलेलाच होता, आणखी वाकला.

"वहिनी, तो मला शोधत होता आणि मी तिकडे रसा पीत..."

"ठाऊक आहे."

"शिव्या तरी घाल."

"घालून झाल्या. तू ऐकायला नव्हतास." तिने मला पुढे केलं. "तुझा तोक्मा कुठाय?"

"मोडला. बांबू घेऊन चालतोय."

"मग हा घे. फुकट मिरवू नकोस, वापर."

त्याने मला हातात घेतलं. तिथेच, तिच्यासमोर, त्याने मला मागे सरकवून टोपली टेकवली. वेगळं वजन होतं, उजवीकडे झुकलेलं. त्याने शीळ घातली, जाडीभरडी. आणि मित्रांनो, ती संपता संपता शेवटी एक छोटासा झोका आला, जो इंद्रमानचा नव्हता. त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचं जुनं वजन उठलं. यांगजिनने दोन्ही हात तोंडावर धरले. तिने हाक मारली नाही.

आम्ही वर निघालो. लोबुचे मागे पडलं आणि तो काळा खडक आला. तिथे आता लोकांनी दगड रचून ठेवले आहेत. इंद्रमानने टोपलीची पाठ खडकाला लावली, पुढून माझा टेकू दिला आणि कपाळावरचा पट्टा काढला.

"थांब जरा," तो म्हणाला. "आलोच."

तेच शब्द, तीच जागा. तो खाली धुक्यात उतरला आणि दिसेनासा झाला. माझ्या लाकडाच्या आत कुठेतरी तडकल्यासारखं झालं. मी कान देऊन उभा राहिलो. वारा होता. खाली हिमनदी कण्हत होती. मला वाटलं, आता मी पुन्हा उभाच राहणार, अंडी फुटू न देणारा, कौतुकाचा.

मग खाली दगड वाजले. नाक ओढत, धापा टाकत तो वर आला. त्याच्या हातात एक चपटा दगड होता. तो त्याने ढिगावर नीट बसवला, जोडीदारासाठी काहीतरी पुटपुटला आणि माझ्याकडे वळला.

"काय बघतोस? म्हटलं होतं ना, आलोच म्हणून. चल."

तेव्हापासून मी त्याच्याबरोबर आहे. माझ्या डोक्याला खळगा पडला आहे, टोक झिजलं आहे आणि लोणी आता कुणी चोळत नाही. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. तुमच्या घरातलं कुणी गेलं आणि त्याची काठी, त्याची छत्री कोपऱ्यात उभी असेल, तर तिला पोत्यांमागे दडवू नका. थकलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. कुणी परत येणार असेल तर आम्ही जन्मभर थांबू. नसेल, तर तेवढं आम्हाला सांगा.