लिफ्टकाकांचा फोन मी धरत होतो

मित्रांनो, मी गाडीच्या काचेला चिकटलेला, फोन धरणारा होल्डर. आता म्हातारा झालोय. रबर पिवळं पडलंय, एका पंज्याचा स्पंज निघालाय. पण मी एक गोष्ट पाहिली आहे, जी दुसऱ्या कुणीही पाहिलेली नाही, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी जन्मले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते लिफ्टकाकांच्या गाडीत. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की त्यांचा फोन वाजायचा. मग कान आणि खांद्यात फोन दाबून, मान वाकडी करून, गाडी चालवता चालवताच ते बोलायचे. "घाबरू नका, उगाच बटणं दाबत बसू नका, आलोच मी." शेजारी बसलेल्या काकूंचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी त्यांनीच मला आणलं, काच पुसली आणि मला दाबून बसवलं. म्हणाल्या, "आता फोन हा धरेल. तुम्ही स्टिअरिंग धरा."

त्या दिवशी दोघांनी एक नियमही ठरवला. काकूंनी दोनदा रिंग देऊन फोन कापायचा. म्हणजे काम साधं आहे, सवडीने बोला. काकांनी गाडी बाजूला घ्यायची, माझा खटका दाबून फोन हातात घ्यायचा, मगच बोलायचं. लांब रिंग फक्त संकटात. सहा वर्षांत ती एकदाच आली होती, लेक जिन्यावरून पडली तेव्हा.

काकांचा माझ्यावर भारी जीव. गाडीत कुणीही बसलं की, "बघा, माझा तिसरा हात," असं कौतुकाने सांगायचे. पण हळूहळू माझ्या स्प्रिंगमध्ये धूळ बसली आणि खटका जड झाला. काकू म्हणायच्या, "अहो, त्यात तेलाचा एक थेंब सोडा की." काका म्हणायचे, "उद्या नक्की." जगाच्या लिफ्टना तेलपाणी करणारा माणूस, पण माझा नंबर काही लागला नाही.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले होते, रस्ता मोकळा होता. काकांनी एकदम छातीवर हात दाबला. इंडिकेटर दिला, गाडी शिस्तीत बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि डोकं मागे टेकलं. तीन-चार मिनिटं तशीच गेली. इंडिकेटर टिकटिक करत राहिला.

त्यानंतर फोन वाजला. दोन रिंगा झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली, थांबेचना. माझ्या पंज्यात काकूंचा फोटो उजळला. काकांनी डोळे उघडले, फोटोकडे पाहिलं, हात पुढे केला आणि खटका दाबला. मित्रांनो, मी उघडलो नाही. नुसतं बोट स्क्रीनवर टेकवलं असतं तरी भागलं असतं, पण फोन हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. पुन्हा दाबायला बोटात जोर उरला नव्हता. रिंग वाजून वाजून बंद पडली.

काकूंनी फोन केला होता नळाच्या पान्यासाठी. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, पाना सापडत नव्हता, आणि वैतागाच्या भरात त्या फोन कापायचं विसरल्या. पाना डिकीतच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वेळ साधारण तीच. काकूंनी मनाशी धरून ठेवलं की लांब रिंग ऐकून हे घाबरले, कासावीस झाले आणि गेले. "मीच घालवलं गं त्यांना, एका पान्यापायी," असं त्या लेकीला याच गाडीत बसून म्हणाल्या. लेक म्हणाली, "आई, असं नसतं गं." पण नक्की काय झालं ते तिलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

आता गाडी लेक चालवते. काकूंनी तिला माझ्यात फोन लावू दिला नाही. बिचारी तो मांडीवर ठेवायची. मी रिकामे पंजे पसरून बसायचो. गाडी उन्हात बंद उभी असली, आत कुणी नसलं, तरी मला ती रिंग ऐकू येते. तिसरी. चौथी. माझ्या खटक्यावर बोट टेकल्यासारखं वाटतं, आणि मी उघडायची धडपड करतो.

गेल्या आठवड्यात मांडीवरचा फोन वाजला आणि घसरून लेकीच्या पायाशी पडला. ती वाकली. गाडी तिरकी झाली आणि समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. कुणाला लागलं नाही. मग शेजारी बसलेल्या काकूंनी फोन उचलला आणि माझा खटका दाबला. मी उघडेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर उघडलो.

"किती घट्ट झालाय हा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता यांना कळलं. पण त्यांनी फोन माझ्यात बसवला आणि लेकीला म्हणाल्या, "इथेच राहू दे. तू समोर बघ."

मित्रांनो, गाडी चालवताना फोन हातात घेऊ नये, हे तुम्हाला मोठी माणसं सांगतातच. माझ्यासारख्याची धूळ पुसावी, हेही सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. मला वाचा नाही, तुम्हाला आहे. पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या काकू कुठे दिसल्या, तर त्यांना सांगा, गाडी आधी थांबली होती, तुमचा फोन नंतर वाजला. काका घाबरले नव्हते, तुमच्याशी बोलायला हात पुढे करत होते. आणि दोष कुणाला तरी द्यायचाच असेल, तर म्हणावं, तो तुमच्या समोरच काचेला चिकटून बसलाय.